हल्ली मुक्काम

वही उघडी असताना मी फोन घेत नाही. रामकुंडावर बसणाऱ्या आम्हा तीर्थोपाध्यांमध्ये हल्ली एका कानाला फोन लावून संकल्प सांगणारेही निघालेत. मी त्यातला नाही आणि या गोष्टीचा मला चांगलाच माज होता. त्या सकाळी नांदगावचं एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन आलं होतं. मी त्यांचं पान काढलं, आजा-पणजाची नावं वाचून दाखवली आणि वडिलांचं नाव लिहायला घेतलं, तेवढ्यात फोन थरथरू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी थोरला मुलगाच म्हणाला, "घ्या की गुरुजी, लय येळचा वाजतोय. कायतरी अर्जंट असंल." मी म्हटलं, "मेलेल्या माणसापेक्षा अर्जंट काय असतं?" बिचारे ओशाळले. मी ओळ पुरी केली, त्याची सही घेतली, शाई वाळू दिली आणि मग फोन लावला. अनघाच्या शेजारच्या बाई होत्या. अनघा स्वयंपाकघरात पडलेली सापडली, मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचायच्या आधीच... बाई रडत होत्या. मी वहीला बासन गुंडाळत होतो.

अनघा माझी चुलतबहीण, चार वर्षांनी धाकटी. तिला जाऊन सहा आठवडे झाले. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं वर्तमानपत्राच्या या पुरवणीकडून सांगणं आलं. चांगले शब्द मला येतात, माझा तो धंदाच आहे. कुणाचाही बाप माझ्या तोंडून पुण्यवानच निघतो. पण तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते मी सहा आठवडे टाळलं.

आधी वहीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे यजमानांच्या घराण्यांची नामावळी असते. माणूस येतो, आडनाव आणि गाव सांगतो, आम्ही त्याचं पान काढतो. कोण जन्मलं, कोण गेलं, ते त्याच्याकडून ऐकून लिहितो. शेवटी सांगणाऱ्याचं नाव, मृताशी नातं, मूळ गाव, हल्ली मुक्काम आणि त्याची सही. अनघाचे वडील, म्हणजे माझे काका, या सहीबाबत फार कडक होते. सिन्नरकडच्या कुणीतरी एकदा जमिनीच्या भांडणात जिवंत भावाला मेलेला म्हणून लिहवून घेतलं होतं. तो भाऊ पुढल्या वर्षी आपल्या पायांनी घाटावर आला आणि काकांची नाचक्की झाली. तेव्हापासून त्यांचा नियम होता, सांगणाऱ्याची सही नाही तर ओळ नाही. "उद्या कोणी नाही म्हणालं, तर दाखवता आलं पाहिजे की हे तुझ्याच माणसानं सांगितलंय आणि तो अमुक ठिकाणी राहतो, जा विचार," असं ते म्हणायचे.

नऊ वर्षांची अनघा ती वही माझ्यापेक्षा चांगली वाचायची. जुनी पानं मोडीत, मला त्यात नुसत्या मुंग्या दिसायच्या आणि त्यापायी मी मारही खाल्ला. ती मात्र काकांच्या मागे उभी राहून यजमानाच्या खापरपणजावर बोट ठेवायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, आपल्या घराच्या पानावर दादाचं नाव आहे, माझं कुठंय?" काका म्हणाले, "तुझं सासरच्या वहीत लागेल." वही माझ्याकडे आली. तिनं लग्नच केलं नाही, तेव्हा तिचं नाव कुठेच लागलं नाही. या गोष्टीवरून मी तिला अनेकदा चिडवलंय, भर जेवणाच्या पंगतीत. ती हसायची आणि मला वाटायचं, हिला खरंच हसू येतंय.

ती इंजिनिअर झाली, पुण्यात नोकऱ्या केल्या, मग सगळं सोडून नाशिकला परत आली. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये संगणकाचे तीन पडदे मांडून परदेशातल्या एका संस्थेचं काम करू लागली. तिकडे दूर एका देशात एका जमातीच्या लोकांना गावंच्या गावं संपवणं चालू होतं. त्या देशाचं, त्या लोकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. मारणारे मारतानाचे व्हिडिओ काढत, फुशारकीनं एकमेकांना पाठवत. मरणाऱ्यांपैकी कुणीतरी लपून काढत. ते सगळे अनघाकडे यायचे. हे कुठलं गाव, कुठला दिवस, किती वाजलेले, हे तिनं ठरवायचं, म्हणजे उद्या कोर्टात कुणाला कानावर हात ठेवता येऊ नयेत. मला कळावं म्हणून ती म्हणाली होती, "एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या एका जागेवरून एकामागे एक दिसतात आणि चार पावलं सरकलं की वेगळ्या होतात, हो ना? तसंच. मागचा डोंगर बघायचा, मग माणूस कुठं उभा होता ते कळतं." सावलीवरून वेळ. उपग्रहाच्या चित्रावरून जळलेली घरं आणि नव्यानं उकरलेली माती. "पुरलेल्या जागी पुढच्या वर्षी गवत जास्त हिरवं येतं दादा, वरून लगेच दिसतं," असं म्हणत तिनं मला चहा दिला होता. मी म्हटलं, "म्हणजे तूही शेवटी श्राद्धाच्याच धंद्यात आलीस."

पण एका ठिकाणी तिचं घोडं अडलं होतं. त्या देशाच्या सरकारनं त्या लोकांची दप्तरंच जाळली होती. जन्माची नोंद नाही, जमिनीचा कागद नाही. सरकार म्हणायचं, ही माणसं कधी जन्मलीच नाहीत, मग आम्ही मारली कुणाला? सीमेपलीकडच्या छावण्यांत पळून आलेले लोक मेलेल्यांची नावं सांगत, पण त्या ऐकीव याद्या वकिलांच्या उपयोगाच्या नव्हत्या. एका दुपारी अनघा घाटावर आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि दोन तास नुसतं माझं काम पाहत राहिली. यजमान उठल्यावर म्हणाली, "दादा, तुमच्याकडे कुणी खोटं का सांगत नाही?" मी फुगलो. एवढी शिकलेली बहीण मला विचारायला आली होती. काकांचा नियम मी माझाच असल्यासारखा ऐकवला. वर म्हटलं, "आणि हल्ली मुक्काम विसरू नकोस. तो रकाना नसेल तर उद्या माणूस शोधणार कुठे? त्याच्याशिवाय वहीला अर्थ नाही." ती म्हणाली, "त्यात धोका आहे थोडा..." मी म्हटलं, "चारशे वर्षं चाललंय आमचं. धोका कसला?"

तिनं मोबाइलवर चालणारी वही केली. छावणीतला माणूस फोनसमोर बसायचा, स्वतःच्या आवाजात सांगायचा, मी अमुक, अमक्याचा मुलगा, गाव अमुक, सध्या या छावणीत या तंबूत, आणि माझ्या डोळ्यांसमोर हे हे मेले. वर त्याचा फोटो. तिकडे नेट नसायचं, म्हणून यादी फोनमध्येच राहील अशी सोय. वकील खूश झाले. 'मी त्या गावाला नव्हतोच' म्हणणारा एक अधिकारी तिसऱ्याच देशात पकडला गेला, तो तिच्या वहीतल्या ओळींवर. त्या दिवशी ती पेढे घेऊन घरी आली आणि मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "तुझ्या रकान्यानं केलं हे." मी तो नमस्कार घेतला. पुढचा आठवडाभर घाटावर जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मग तिच्यासाठी नावं गोळा करणाऱ्या एका कार्यकर्त्याला सीमेजवळ उचललं. त्याला फोन उघडायला लावला. कसा, ते मला माहीत आहे, लिहीत नाही. फोनमध्ये पाच छावण्यांची वही होती. नाव, बापाचं नाव, फोटो, तंबू... मारणाऱ्यांना काही शोधावंच लागलं नाही. ज्या क्रमानं ओळी लिहिल्या होत्या, त्याच क्रमानं ते लोकांकडे गेले. अनघाला कळलं ते असं की जी माणसं आधी सांगणारी होती, त्यांची नावं मृतांच्या रकान्यात येऊ लागली. पुढे पुढे तर तीही येईनात. सांगायला कुणी पुढे होत नव्हतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपती उलटल्यावर तिनं मला घरी बोलावलं आणि एक व्हिडिओ लावला. भर उजेडातला. एक माणूस गुडघ्यांवर बसलेला, समोर एक जण हातात मोबाइल घेऊन वाचतोय. भाषा मला कळत नव्हती, पण चाल कळत होती. तो नाव वाचायचा आणि थांबायचा, बसलेला माणूस मान हलवायचा. बापाचं नाव, थांबायचा, मान. गाव, मान. "आता हल्ली मुक्काम विचारतोय," अनघा म्हणाली. बसलेल्यानं त्यालाही मान हलवली. "बघ दादा, अगदी तुझ्यासारखा वाचतोय." मी तोंड फिरवलं. तिनं फिरवलं नाही, शेवटपर्यंत पाहिलं, कारण ते कुठलं आणि कधीचं हे ठरवायचं काम तिचंच होतं. ते तिनं केलंही होतं. "आपल्याकडचे दुपारचे दीड वाजले होते," ती म्हणाली, "मी तेव्हा तुमच्याकडे गौरीच्या जेवणाला होते. वहिनी दुसऱ्या पुरणपोळीचा आग्रह करत होती."

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "मी आमच्या वहीचं सांगितलं होतं. तुझ्या मोबाइलचं मला काय कळतं? इंजिनिअर तू. अक्कल तू वापरायला हवी होतीस. यात मला ओढू नकोस." तिनं मला ओढलं नव्हतं. तिला बहुतेक एवढंच हवं होतं की कुणीतरी शेजारी बसावं. तिनं पडदा बंद केला, कप विसळले, आणि म्हणाली, "उशीर होईल तुला. रस्ता खोदलाय तिकडचा, मखमलाबादवरून जा."

त्यानंतर ती पाच महिने जगली. मी तिच्या घरी गेलो नाही. भाऊबीजेला ती आली, ओवाळलं, आणि आम्ही द्वारका चौकातल्या ट्रॅफिकवर बोललो. ती सुकली होती. बायको म्हणाली, "वन्सं काही बोलत नाहीत हो, विचारा ना." मी म्हटलं, "वय झालं, होतं असं." दहाव्याचे विधी मीच केले. कावळा पिंडाला लगेच शिवला, लोक म्हणाले बघा, किती समाधानानं गेली. मला मात्र तो तासभर आला नसता तर बरं वाटलं असतं. काहीतरी इच्छा राहिली आहे आणि ती मी विचारून पुरी करतो, असं तरी झालं असतं. तिला माझ्याकडून काही नको होतं.

चौदाव्या दिवशी तिच्या संस्थेतल्या एक वकीलबाई आल्या. साध्या, थकलेल्या, मराठी बऱ्यापैकी बोलणाऱ्या. त्यांच्याकडून कळलं की शेवटचे महिने अनघा वही दुरुस्त करत होती. मृतांची नावं एकीकडे, सांगणाऱ्यांची दुसरीकडे, कुलूपबंद, दोन्ही एका हातात कधीच येऊ नयेत अशी. राहत्या जागेचा रकाना तिनं काढून टाकला. चौकशीही झाली होती. "आम्ही तिला तीनदा विचारलं की हा रकाना ठेवा असं कुणी सुचवलं? तिन्ही वेळा तिनं एकच सांगितलं, माझीच कल्पना. पण तिनं सुरुवातीला एका मेलमध्ये, 'घरच्या जाणकारांशी बोलून' असं लिहिलं होतं. तिला दोष द्यायचा नाहीये हो, अहवाल पुरा करायचाय. तुम्हाला काही माहीत आहे?" समोर तिचा फोटो होता, त्याला घातलेला हार सुकला होता. मी म्हटलं, "नाही. आमचा त्या कामाशी काय संबंध?" बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि चहाला नको म्हणून उठल्या.

सांगणाऱ्याचं नाव लपवायचं, हा तिचा नवा नियम. तो तिनं पहिल्यांदा माझ्यासाठी पाळला. पण त्या छावण्यांतल्या माणसांना सांगितलं म्हणून मारलं गेलं. मला काय होणार होतं? फार तर घाटावर दोन माणसं तोंड फिरवतील, एखादं घराणं दुसऱ्या उपाध्याकडे जाईल. तेवढ्या भीतीनं मी दोनदा नाही म्हणालो, एकदा तिच्या तोंडावर आणि एकदा तिच्या फोटोसमोर.

काल दुपारी घाटावर गर्दी नव्हती. वहीचं बासन सोडलं. आमच्या घराचं पान अगदी शेवटी आहे. पणजोबांपासून या घरात फक्त पुरुष जन्मले आणि मेले, असं ते पान सांगतं. काकांच्या नावाखाली मी लिहिलं, अनघा, मुलगी, अविवाहित, इंजिनिअर, आणि ती गेली ती तिथी. खाली लिहिलं, सांगणार माधव, चुलतभाऊ, हल्ली मुक्काम पंचवटी. त्याखाली आजवर कुठल्याच पानावर नसलेली एक ओळ लिहिली, तो रकाना मी सांगितला होता. सही केली. या लेखाची प्रत वकीलबाईंना पाठवली आहे, त्यांच्या अहवालाला उपयोगी पडेल.

शाई वाळेपर्यंत वही मिटता येत नाही, म्हणून तसाच बसून राहिलो. फोन मुद्दाम शेजारी ठेवला होता, वाजला तर लगेच घ्यायचा म्हणून. कुणाचा आला नाही.