मोहाखालची काळी जमीन

ब्याऐंशी सालची गोष्ट असेल. वडील एटापल्लीला शिक्षक होते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा वारला आणि माझी मोठी बहीण माहेरी परत आली. कामापुरतंच बोलायची. चंद्रपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती, जूनमध्ये जायचं होतं. पण पोरीचं मन ठिकाणावर नाही म्हणून वडील हो म्हणत नव्हते.

अशात फेब्रुवारीत तिनं माझ्या रंगांनी पुठ्ठ्यावर एक चित्र काढलं. ओळीनं मोहाची झाडं, एकालाही पान नाही, आणि प्रत्येक झाडाखाली काळाकुट्ट गोल. कोपऱ्यात आगपेटीएवढं घर. आभाळ पिवळट. माणूस औषधालाही नाही.

वडिलांचा चेहरा उतरला. मी नुकतीच ड्रॉइंगची परीक्षा पास झाले होते, त्यामुळे शहाणपण उतू जात होतं. बोडकी झाडं म्हणजे एकटेपणा, काळा रंग म्हणजे शोक, घर कोपऱ्यात म्हणजे संसार संपला, असं मी सगळ्यांना समजावून दिलं. आईनं डोळ्यांना पदर लावला.

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाबा, शोक नाई हा," ती म्हणाली. "मोहाखालचा पाला जाळून ठेवला. फुलं पडाची आहेत ना."

हे आम्हाला काय माहीत नव्हतं? खालची जागा अशी साफ केली की फुलं वेचायला सोपी जातात. पोंभुर्ण्याला लहानपणी वडिलांनी स्वतः हेच केलेलं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट चित्रात आली, तर आम्ही तिच्यात दुःख शोधत बसलो.

"मंग माणूस काऊन नाई कुठी?" वडिलांनी तरीही विचारलंच.

"आता तं उजाडून राह्यलं. फुलं पडली का येतीन सगळे."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी माळ्यावरून तिची ट्रंक काढली आणि पुसून उन्हात ठेवली. मला इतका आनंद झाला की उरलेले सगळे रंग मी तिला देऊन टाकले.

जायच्या आदल्या दिवशी तिनं त्याच चित्रात टोपली घेतलेली एक बाई काढली. घरापेक्षा उंच, डोकं थेट मोहाच्या शेंड्याला टेकलेलं. पोरांच्या चित्रात असं काही दिसलं की वडील लाल पेन्सिल घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली.