न उघडणारे कमळाचे पान

आधी तारखा देतो, कारण नंतर वाद त्यांवरूनच घातला जातो. अक्षय तृतीयेस पुस्तक पूर्ण झाले. जबाबदार, माझी पत्नी. गुरुपौर्णिमेस ते आमच्या मराठी मंडळाच्या बालवाडीस समारंभपूर्वक देण्यात आले. स्वीकारणारे, मंडळाचे अध्यक्ष. हरेलीच्या, म्हणजे इकडच्या आषाढी अमावास्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी त्याचे लॅमिनेशन झाले, करणारे, सचिव, परवानगी देणारे, पुन्हा अध्यक्ष. तान्ह्या पोळ्यास हा प्रकार मुलांच्या लक्षात आला. मुले चार-पाच वर्षांची असल्यामुळे त्यांनी लेखी तक्रार केली नाही. ती मी करीत आहे.

पुस्तक कसले होते हे येथे स्पष्ट करणे भाग आहे, कारण कार्यकारिणीस ते आजही समजलेले नाही. माझ्या पत्नीची सारी नोकरी रायपुरातच बालवाडीत गेली. तिचे म्हणणे असे की लहान मूल पुस्तक वाचत नाही, उघडते. म्हणून तिने जाड पुठ्ठ्याची पाने कापली आणि प्रत्येक पानावर मुलाच्या हाताला एक काम ठेवले. तळ्याच्या पानावर सदर बाजारातून आणलेल्या हिरव्या मखमलीचे कमळाचे पान होते. ते उचलले की खाली बेडूक. सुगरणीचे घरटे खऱ्या गवताचे होते आणि त्यात बोट जाईल एवढे भोक होते. कागदी पट्टी ओढली की गोगलगाय शंखात जाई, सोडली की बाहेर येई. एका खिशात वाळलेला गवती चहा होता, चोळून वास घेण्यासाठी. शेवटच्या पानावर शिरीषाची वाळकी शेंग दोऱ्याने टाचली होती. पुस्तक हलवले की ती खुळखुळे. सगळी पाने एका नाडीत ओवलेली.

मजकूर माझा. मी नोकरीभर सरकारी कचेरीच्या विधी शाखेत मसुदे लिहिले, त्यामुळे वाक्य निःसंदिग्ध कसे ठेवावे हे मला कळते. "पान उचल." "बोट घाल." "पट्टी ओढ." मी प्रथम तळटीपेत अपवाद नमूद केले होते. पत्नीने ते खोडले. "पोट्ट्यांसाठी लिहून राहिले तुम्ही, कलेक्टरसाठी नाही," असे तिचे शब्द होते. मी आक्षेप नोंदवून माघार घेतली.

पुस्तकाची प्रत एकच. हातानेच केलेली असल्यामुळे दुसरी नव्हती. आणि पुस्तक पूर्ण होता होता पत्नीच्या उजव्या अंगठ्याचा सांधा असा धरला की तिला कात्री दाबता येईना. डॉक्टरांनी तो आता पूर्वीसारखा होणार नाही असे सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, "झालं ना पुस्तक. आता काय कापायचं राहिलं?"

यानंतर लॅमिनेशन. एका देणगीदाराने मंडळास ते यंत्र दिल्यापासून तेथे उघडे काही राहिलेले नाही. आरतीचा कागद, पंख्याची वेळ सांगणारी सूचना, गणपतीच्या वर्गणीचे आवाहन, "चपला येथे काढाव्यात", सारे प्लास्टिकमध्ये. आपल्या लोकांच्या घरी टीव्हीचा रिमोट वर्षानुवर्षे पिशवीत राहतो, नव्या गादीवरचे आवरण निघत नाही, हे मी जाणतो. जपणे म्हणजे हात लागू न देणे, अशी आपली समजूत आहे. त्यानुसार सचिवांनी नाडी सोडली आणि एकेक पान यंत्रातून काढले. कमळाचे पान बेडकासह चिकटले. घरटे सपाट झाले. गोगलगाय अर्धी आत, अर्धी बाहेर अशी कायम झाली. शेंग यंत्रात जाईना, म्हणून ती काढून टाकण्यात आली. गवती चहा तापल्यामुळे त्या दिवशी कार्यालयात चहाचा वास येत होता, असे सचिवांनीच मला कौतुकाने सांगितले.

तान्ह्या पोळ्यास लाकडी बैल घेऊन मुले मंडळात जमली. पत्नीने पुस्तक मागितले. ते काचेच्या कपाटातून काढून देण्यात आले. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एक पोट्टी तिच्या मांडीशी बसली आणि कमळाच्या पानाची कड नखाने उकरू लागली.

"दादी, मेंढक कहाँ है?"

"खाली आहे, बाई."

"तो निकालो न!"

"निघून नाही राहिला तो."

मुलीने बराच प्रयत्न केला, मग बैल उचलला आणि निघून गेली. पत्नीने पानावरच्या नखाच्या खुणा पदराने पुसल्या. माझा मजकूर मात्र स्वच्छ, चकचकीत आणि पूर्ण वाचनीय होता. "पान उचल." आदेश कायम, पालन अशक्य.

सचिव जवळच उभे होते. ते नवा रायपूर येथे नोकरीस आहेत, मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. "काका, आप टेंशन मत लो. अब सौ साल नहीं फटेगी."

मी म्हणालो, "आपण ते मारले आहे. मेलेली वस्तू फाटत नाही."

"अरे काका, आप भी ना!" असे म्हणून ते प्रसाद वाटावयास गेले.

ते पान घरी आणून पत्नीने ब्लेडने प्लास्टिक सोडविण्याचा प्रयत्न केला. प्लास्टिकबरोबर मखमल निघाली, मखमलीबरोबर बेडकाचे डोके. मी अध्यक्षांस पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात पहिल्याचा संदर्भ दिला. त्यास "आपल्या भावनांचा आदर आहे" असे उत्तर आले. भावनांविषयी मी काही लिहिले नव्हते. तिसऱ्या पत्राची चौकशी करावयास मी स्वतः मंडळात गेलो, तेव्हा ते लॅमिनेट करून फाइलला लावलेले आढळले.

हे चौथे पत्र लिहावयास घेतले तेव्हा पत्नी समोर येऊन बसली.

"मले सांगा, तुमच्या पत्रानं पान उघडते का?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"हव. मंग तत्त्व ठेवा बाजूले आन् ही कैची पकडा."

तेव्हापासून दुपारी मी कापतो आणि ती रागावते. "सरळ काहून कापून राहिले? बेडकाले कोपरे असतात का?" माझ्या पहिल्या बेडकास कोपरे होते, हे मला नमूद करावे लागेल. पुढचे बरे आले. तळे झाले आहे, घरटे झाले आहे, गोगलगाय चालते. पत्नी हे पुस्तकही त्याच बालवाडीस देणार आहे. मी विरोध केला. ती म्हणाली, "पोट्टे तिथंच येतात ना. अध्यक्षासाठी करून राहिली का मी?"

मात्र तिच्या अंगठ्याचे जे झाले ते झाले आहे, आणि माझे हातही तिसऱ्या प्रतीपुरते उरतील असे समजू नये. म्हणून अध्यक्षमहोदय, मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, दूध वाटण्यापूर्वी, माइकवरून, सर्व सभासदांसमक्ष आपण उत्तर द्यावे: हे पुस्तक मुलांच्या हाती, चुरगळण्यासाठी, ओढण्यासाठी आणि प्रसंगी फाटण्यासाठी देण्यात येईल काय? होय किंवा नाही. पत्नी पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलेली असेल. आपले उत्तर ऐकल्याखेरीज ती ते कोणाच्याही हाती देणार नाही.