डिस्कवरचा न दिसणारा शनिवार

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या. खंडाळ्याच्या एका बंगल्यावरच्या रखवालदाराची केस मात्र अजून स्वस्थ बसू देत नाही.

आंदर मावळातली एक बाई वडील हरवल्याची तक्रार घेऊन आमच्या ठाण्यात आली. म्हातारा शनिवारी काम सोडून गेला, असं बंगल्याचा मॅनेजर सांगत होता. बाईला ते पटेना.

"साहेब, आबा अनवाणी कुटं जायचे न्हाईत. चपला बंगल्यावरच्या खोलीतच हायेत."

मिसिंगची नोंद केली. संध्याकाळी निनावी फोन आला: शनिवारी गेटच्या आत म्हाताऱ्याला गाडीचा धक्का लागला होता.

मॅनेजरला चौकशीला बोलावलं. कॅमेरे शनिवारच्या आधीच बंद पडले, रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटरही जळाला, असं त्याने सांगितलं. त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पंचांसमक्ष काढून ठाण्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. रेकॉर्डिंग खरंच गुरुवारपर्यंतचं निघालं. इतका वेळ घाम पुसणाऱ्या मॅनेजरने चहा मागितला. तो चहा मला खटकला.

बाहेर बाकावर ती बाई बसून होती.  मी आत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. शेवटी डिस्क सील करायला घेतली, तेव्हा लेबलवर १६० जीबी दिसलं. स्क्रीनवर तर १२७च दिसलं होतं. बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जुन्या मशीनला मोठी डिस्क पूर्ण ओळखता येत नाही, पुढचा भाग त्याला दिसतच नाही, असं तो म्हणाला. त्याच्या नव्या मशीनवर डिस्कचा दुसरा भाग उघडला. पहिला भाग गुरुवारी भरला होता, पुढचं रेकॉर्डिंग यात आलं होतं. त्यात शनिवार होता. बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्याची गाडी मागे येते, म्हातारा पडतो, पाहुणा आणि मॅनेजर त्याला उचलून गाडीत घालतात.

मॅनेजरला तेवढंच दाखवलं. त्याने हात जोडले.

"जिवंत होता, साहेब. खोपोलीच्या बाजूला रस्त्याकडेला ठेवला. बंगल्याचं नाव खराब झालं असतं."

खोपोलीच्या दवाखान्यात म्हातारा बेवारस म्हणून पडून होता. कुणा ट्रकवाल्याने आणून सोडलं होतं. लेकीने हात धरला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"लय उशीर केलास, बाय," एवढंच म्हणाला.

पुढे दोघांना शिक्षा झाली, म्हातारा काठी टेकत घरी गेला. त्यानंतर कुणी अधिकारी "तपासलं, काही नाही" म्हणाला, की मी आधी विचारायचो, कशावर तपासलंस?