आधी तोंड, मग तबला

आमच्या तबल्याच्या क्लासचे किस्से मी लिहून ठेवले नाहीत तेच बरं, नाहीतर घरात आम्हालाच राहायला जागा उरली नसती! गुलमंडीजवळ शिंप्याच्या दुकानावरची खोली, दर रविवारी आम्ही सात-आठ जण आणि शिकवायला अन्वरचाचा. चाचांचा नियम एकच. पहिले सहा महिने तबल्याला हात लावायचा नाही, बोल नुसते तोंडानं म्हणायचे. धा धिं धिं धा!

याची सवय फार वाईट. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "तिरकिट धा!" निसटलं. साहेब थांबले. "काय म्हणालात?"

"अनुमोदन दिलं, सर!"

तसं इतिवृत्तात लिहिलंही गेलं.

रिटायर्ड देशपांडे सर नवी कवळी बसवून आले. चाचांनी लय वाढवली, सरांनीही जिद्दीनं वाढवली आणि कवळी उडून थेट तबल्यावर!

चाचांनी ती रुमालात उचलली. "सर, पाचच महिने झालेत. दातांना एवढी कसली घाई?"

आमच्यात सगळ्यात तयार जीभ दत्तूची. वाळूजच्या कंपनीत नोकरी, घर खुलताबादकडच्या वाडीत, घरी मेंढरं. पोरगा एकटाच पुटपुटतो म्हणून आई घाबरली आणि त्याला दर्ग्यात घेऊन गेली. मुजावरांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली.

"कुछ नहीं हुआ, अम्मा. तीनताल है. बस, सम पे नहीं आ रहा!"

आणि मग एका रविवारी दत्तूचे वडीलच आले. खांद्यावर घोंगडी, कपाळाला आठ्या.

"सुट्टीच्या दिशी मेंढरामागं यायचं सोडून हितं येतंय. पाच म्हैने झाले, तबल्याला बोट लावू दिलं नाय तुमी! नेतो म्या त्याला."

दत्तूचा चेहरा पडला. आम्हालाही फार वाईट वाटलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "तुम्ही काही वाजवता?"

"ढोल. जत्रंत."

"कसा शिकलात?"

"ढोल देवळात टांगलेला. जत्रंबिगर कोन काढू देतंय? बा तोंडानं म्हनायचा, म्या मेंढरामागं तेच म्हनत हिंडायचो."

"मग म्हणा की!"

त्यांनी डोळे मिटले. "ढांग टिपांग ढिडांग ढां, टिपांग ढिडांग..."

चाचा पुढं सरकले. म्हणायला लागले आणि मध्येच अडकले! पुन्हा म्हणाले, पुन्हा तिथंच अडकले. चाचांना अडखळताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

वडिलांनी खांद्यावरची घोंगडी काढली, अंथरली आणि दत्तूशेजारी बसले.

"मेंढरं धाकटा बघंल. दर रविवारी म्या बी येतो. पन चाचा, तुमी बी सहा म्हैने नुसतं तोंडानं म्हनायचं. ढोलाला हात लावायचा नाय!"