पाय मी चोळला होता

बाळाला न्हाऊ घालत होते, तेव्हा हॉस्पिटलातून ह्यांचा फोन आला. "अप्पा गेले," एवढंच म्हणाले. बाळ पायांवर, अंगभर साबण, आणि मला तांब्याच उचलेना... अप्पा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायची. महिना होऊन गेला. मी सातवीपर्यंतच शिकलेली, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, पण पोटात ठेवून ठेवून जीव घुसमटतोय.

शहरातल्या नजरबाद भागात आमचं शिलाईचं दुकान, मागं घर. शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मचे गठ्ठे आले की मामा मशीनवर बसले ते बसलेच. सुई टोचली की बोट माझ्यापुढं धरायचे. "बघ, म्हातारं रक्त, लगेच थांबतं. तुम्हा पोरींचं आपलं वाहतंच." आम्हाला वाटायचं, चांगलंच की.

यंदा त्यांची डावी पोटरी सुजली, हाताला गरम लागायची. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, म्हणाल्या, "बसून बसून आखडलाय पाय. तेल लावून चोळ गं, बाळाला चोळतेस तसा." मी तीन दिवस चोळला, जोर लावून. मामा म्हणायचे, "साकु गं, पुरे. इस्त्री करतेस काय?" चौथ्या दिवशी सकाळी धाप लागली, छातीत दुखायला लागलं, ह्यांनी रिक्षातून नेलं, मी बाळाला घेऊन दारातच...

नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वय झालं की रक्त लवकर गोठायला लागतं, त्यात तासन्‌तास बसणं. पोटरीत गाठ झाली, ती सुटून फुप्फुसात अडकली. "एकच पाय असा सुजला तर चोळायचा नाही अम्मा, लगेच दाखवायचा."

"मग माझ्या हातानं...?"

"ते कुणालाच सांगता यायचं नाही. न चोळताही सुटते."

घरी बोलले नाही. बाळाला तेल लावायला घेतलं की तेलाची वाटी तशीच परत ठेवून द्यायची. तेराव्यानंतर आत्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "चोळ म्हणून सांगितलं कुणी तुला? मीच ना." पदरानं माझं तोंड पुसलं, स्वतःचं पुसायचं विसरल्या.

आता मामांच्या मशीनवर आत्या बसतात. तासाभरानं मी आतून हाक मारते, "आत्या, उठा."

"एवढी बाही होऊ दे."

"बाही राहू दे, उठा आधी."

कुरकुरत उठतात, रस्त्यापर्यंत जाऊन येतात. तेवढा वेळ स्टूल रिकामं असतं. मी तिकडं बघत नाही.