डेन्मार्कचे गाणारे साहेब

"या साहेबाले सकाऊन-सकाऊन कोण मारते वो?" बोरिंगवर घागर भरता भरता सोनाबाई शेजारणीला विचारत होती. पलीकडच्या दवाखान्याच्या बंगल्यातून येणारा आवाज खरोखर मार खाल्ल्यासारखाच होता. मी मान खाली घालून बादली उचलली. कारण पुढचा प्रश्न मलाच येणार, हे मला ठाऊक होतं. गावात साहेबांशी इंग्रजीत बोलू शकणारी, आणि त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गोष्टीला जबाबदार धरली जाणारी, मी एकटीच होते.

माझे वडील साकोलीजवळच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून मी घरी आले, आणि त्याच आठवड्यात वडिलांनी मला परस्पर दुभाषी करून टाकलं. मी चार माणसांत तोंड उघडत नसे, याचा त्यांनी विचारच केला नाही. नव्या डॉक्टरीणबाई डेन्मार्कच्या होत्या. हे त्यांचे यजमान. त्यांच्याकडच्या संगीत नाटकात, म्हणजे ऑपेरात, उंच पट्टीत गाणाऱ्या नायकाला टेनर म्हणतात. साहेब तसे टेनर होते. मे महिन्यात ते गळ्याला मफलर गुंडाळत. पंखा चालू देत नसत. भाजीत मिरची दिसली की ताटावरून उठत. गाण्याच्या दिवशी दुपारपर्यंत एक शब्द बोलत नसत, नुसते हातवारे करत आणि मला ते समजले नाहीत की रागावत.

सोनाबाईचा कोंबडा त्यांच्या रियाजात आरवायचा. तो दुसरीकडे बांधावा, असा निरोप मला द्यावा लागला. सोनाबाईनं तळ्यावरून आणलेली मासोळ्यांची टोपली खाली ठेवली. "त्याले म्हणा, कोंबडा त्याच्या आंधीपासून गाते इथं. अन् सुरात गाते!" मी साहेबांना सांगितलं, "त्या विचार करतील म्हणाल्या."

"ती याहून बरंच जास्त बोलली," साहेब म्हणाले. शब्द कळत नसले तरी त्यांना आवाज कळायचा, हीच पंचाईत होती.

त्यांचे वडील उत्तरेच्या समुद्रावर मासेमारी करायचे. "जाळं आणि गळा, दोन्ही रोज तपासावं लागतं," असं साहेब म्हणत. चर्चमध्ये गाणाऱ्या या कोळ्याच्या पोराला कोणीतरी कोपनहेगनला नेलं, शिकवलं, आणि तो मोठ्या नाट्यगृहाचा नायक झाला. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की त्यांच्या नायिकांचे स्वभावसुद्धा मला पाठ झाले. मात्र शेवट त्यांनी एकदाच सांगितला. भरल्या प्रयोगात वरचा सूर लागलाच नाही. आवाज फाटला, लोक खाकरले, आणि पुढच्या प्रयोगाला दुसरा नायक उभा होता. "बायको माझ्यामागे गावोगाव फिरली. मग मी तिच्यामागे इथं आलो." एवढं बोलून त्यांनी मफलर घट्ट केला.

डॉक्टरीणबाईंची मुदत संपली. दिवाळीनंतर परत जायचं ठरलं, आणि साहेबांनी नवीनच काढलं: त्यांना मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या जत्रेत, गायचं होतं. तो सूर एकदा लोकांसमोर लावायचा, मग गाणं बंद. मी खूप टाळलं. शेवटी दंडारीच्या महादेवकाकांकडे गेले. मंडईला भर दुपारी चौकात त्यांच्या मंडळींचा नाच-गाण्याचा खेळ व्हायचा. "गाऊ दे न बापा त्याले," काका म्हणाले. "एवढे दिवस फुकट ऐकलं, आता मांडवात ऐकू."

साहेब काळा कोट घालून, घामानं निथळत फळ्यांच्या मंचावर उभे राहिले. गाणं होतं विष घेतलेल्या प्रियकराचं. पोरंबाळं हसली, मग हळूहळू गप्प झाली. साहेब चढत गेले आणि तो सूर लागला. लागला आणि टिकला. ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला. मग साहेब छातीवर हात ठेवून फळ्यांवर कोसळले, मेले.

मग सगळा चौक ओरडला, "वन्स मोअर!"

आमच्याकडे यात काही अडचण नसते. मेलेला नायक उठतो, धूळ झटकतो, पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. जो उठत नाही, तो पब्लिकचा अपमान करतो. साहेब उठेनात.

"उठा जी साहेब, पब्लिक बोलावून राहिली," काका माईकवरून म्हणाले. साहेब निपचित. "पोरी, जाय, सांग त्याले!"

मी मंचावर चढले. वाकून मी त्यांना सगळं समजावलं. डोळे न उघडता, ओठ जेमतेम हलवत ते पुटपुटले, "आला ना तो सूर? ऐकलास ना तू? आता दुसरा नाही माझ्यात. उठलो तर फाटेल."

"माज आला का याले?" मागून कोणीतरी ओरडलं. "आमच्या कोंबड्याले नावं ठेवते अन् आता पाय पसरून पडला!" ही सोनाबाई. शिट्ट्या सुरू झाल्या. साहेबांच्या पापण्या थरथरल्या. त्यांना आवाज कळत होता. मला त्यांचा इतका राग आला होता, त्यांच्या मफलरचा, हट्टाचा, या मरण्याचासुद्धा. काकांनी माईक माझ्या हातात दिला. आजवर मी इकडचं तिकडे गोड करूनच सांगत आले होते. आता समोर अख्खा चौक होता आणि सांगायला निरोप कोणाचाच नव्हता.

"उठवू नका जी त्याले!" मी ओरडले. "एवढं चांगलं गाऊन मेला, आता मरू द्या न!"