लेबल काढलेले दोन कॅन

रविवार, १२ जानेवारी. हजर: मी, नवरा, आणि मागच्या गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई. गैरहजर: मुलगी. ती पुण्याला हॉस्टेलवर असते, पण या कामाचा आग्रह मूळ तिचा.

काम असं होतं की बोईसरच्या आमच्या फ्लॅटची मागची गॅलरी रिकामी करून तिथे सुक्या कचऱ्याची जागा करायची. यादी मी आदल्या दिवशीच केली होती. कागदाला गोणी, काचेला आणि पत्र्याच्या डब्यांना एकेक बादली, प्लास्टिकला मोठी टोपली. प्रत्येकावर चिठ्ठी.

"कचऱ्याला चार-चार खण!" सासूबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा मला एक ट्रंक ठेवायला जागा नव्हती."

"तुझ्या ट्रंकेत तरी दुसरं काय होतं, आई?" नवरा म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास त्याला चहा मिळाला नाही.

मुलीचा आग्रह असला तरी माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच कोणी होतं. दर रविवारी आमच्या सोसायटीत भंगार गोळा करायला एक बाई येते. पूर्वेला डोंगराखालच्या पाड्यावर तिचं घर आहे. पावसाळ्यात आपल्या तुकड्यात भात लावते, दिवाळीनंतर भंगार वेचते. वयाने माझ्याएवढीच आहे, पण मी तिला मावशी म्हणते आणि ती मला बाय. दिवाळीत आमच्याच पिशवीतल्या फुटलेल्या बरणीने तिचा तळहात कापला होता. हळद मी लावली, पण बरणीही मीच टाकली होती. तिला आमच्या घाणीत हात घालावा लागू नये, एवढं मला करायचं होतं.

गॅलरी रिकामी करताना कोपऱ्यातले दोन निळे कॅन निघाले. कारखान्यातून आलेला कॅन नाही असं घर बोईसरला शोधावं लागेल. आम्ही सांगलीकडून इथे आलो तेव्हा गॅस जोडणीच्याही आधी शेजाऱ्यांनी आम्हाला असा एक कॅन दिला होता. पाण्याचा नेम नसतो, म्हणून भरून ठेवायचे. ते पाणी बाथरूमला आणि झाडांना. पिण्याला नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. हे दोन नवऱ्याने त्याच्या कारखान्यातून नुकतेच आणलेले होते, अजून वापरात नव्हते.

बाथरूममध्ये एक मोठा ड्रम पुरेसा आहे असं मी ठरवलं आणि कॅन यादीत 'द्यायचे' या बाजूला लिहिले. साबणाने दोनदा धुतले. त्यांच्यावर मोठी लेबलं होती. कागद कागदात जायला हवा, म्हणून गरम पाणी आणि खोबरेल तेल लावून ती नखाने सोलून काढली. अर्धा तास लागला. कॅन नव्यासारखे दिसू लागले.

पुढच्या रविवारी मावशी आली. चारही खण बघून हसली.

"बाय, हे तर दुकानच मांडलं."

मग तिची नजर कॅनवर गेली. झाकण घट्ट बसतंय का ते तिने फिरवून पाहिलं. "हे भंगारात नाय देत मी. घरी नेते."

"न्या की. स्वच्छ धुतलेत," मी म्हटलं. कागदाची गोणी अर्धीच भरली होती, ती पुढच्या खेपेला न्यायचं ठरलं.

बुधवारी नवऱ्याने विचारलं, "ते कॅन कुठे गेले?"

"मावशींना दिले."

"कशाला?"

"घरी वापरायला."

तो उठला. गॅलरीत गेला आणि कागदाची गोणी जमिनीवर उपडी केली. वर्तमानपत्रांमधून त्याने ती लेबलं शोधून काढली. तेलाने पारदर्शक झाली होती, तरी चित्र दिसत होतं: हातावर थेंब पडतोय आणि हात झिजतोय. खाली बारीक अक्षरांत, रिकामा कॅन कोणत्याही कामासाठी पुन्हा वापरू नये.

"बॉयलरचं केमिकल होतं," तो म्हणाला. "वास जात नाही म्हणून मी दोन महिने उन्हात ठेवणार होतो."

वास मला आला होता. मला वाटलं, प्लास्टिकचा असेल.

गुरुवारी सकाळी आम्ही स्कूटरवर पाड्याला गेलो. पायाशी घरातलं मोठं स्टीलचं पिंप बांधलं होतं. मावशी अंगणात तूर झोडत होती. आम्हाला बघून तिने आधी खाट टाकली, मग आत गेली. पाहुण्याला पाणी द्यायचं, ते तिने दिलं. ओट्यावर निळा कॅन होता, त्यावर पेला उपडा घातलेला. त्याच पेल्यात पाणी ओतून तिने माझ्या हातात दिलं.

मी तो पेला धरून उभी राहिले.

"मावशी, हे पाणी पिऊ नका. कॅनमध्ये कंपनीचं औषध होतं. विषारी."

"तूच दिलास ना? बोललीस, धुतलाय."

"धुतला होता. पण ते धुऊन जात नाही."

"तुमच्या घरी काय भरता याच्यात?"

"बाथरूमचं पाणी."

तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. "मग हे तवाच सांगायचं ना, बाय."

कोणाला त्रास झाला का, मी विचारलं. नातीचं पोट दुखत होतं दोन दिवस. "पण ती बोरं पण खाते कच्ची," असं म्हणून मावशीने मला जरा मोकळं केलं. मला मोकळं व्हायचं नव्हतं. नात अंगणातच खेळत होती. नवऱ्याने तिला स्कूटरवर घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी तोंड-घसा तपासला, नवऱ्याने सोबत नेलेलं लेबल वाचलं, आठ दिवसांनी परत आणायला सांगितलं.

पिंप मी ओट्यावर ठेवलं. कॅन परत आणून करवतीने आडवा कापला, कोणीही पुन्हा पाणी भरू नये असा. नवी कामं लिहिली. लेबल काढायचं नाही. कारखान्यातलं काही घरात आणायचं नाही, आणलंच तर भोक पाडल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आणि तोंडाने सांगायचं, हे लिहिलंस का?" ते लिहिलं.

पण दुसरा कॅन मावशीच्या घरी नव्हता. तो तिने बहिणीला दिला. बहीण नवऱ्यासोबत इकडच्याच किनाऱ्यावरच्या माहीमला बागायतीच्या वाडीत कामाला गेलीय, प्यायचं पाणी न्यायला कॅन घेऊन. वाडी कोणाची, मावशीला ठाऊक नाही. "समुद्राच्या बाजूला, नारळ हायेत," एवढंच. बहिणीच्या नवऱ्याचा फोन बंद लागतो.

मी आणि मावशी शुक्रवारी माहीमला गेलो. तीन वाड्या विचारल्या. सगळीकडे नारळ. उरलेल्या वाड्या उद्या.